कारणाचा रकाना: गांजा, हातभट्टी आणि आपल्या जिल्ह्यातलं मेफेड्रोन

गेल्या दिवाळीत ओतूरला घरी होते. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि ताट हातात ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "तू दारू-गांजावर पीएचडी करतीस म्हणं. मग मला एक सांग पोरी, ते एमडी म्हणजे काय असतं?"

त्यांचा भाचा चाकणला कंपनीत कामाला. त्याच्या खिशात पुडी सापडली होती. काकूंना पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. मीही एमडी म्हणजे मेफेड्रोन, कारखान्यात तयार होणारी पावडर, एवढंच सांगितलं. आमच्या भागात हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं, धागेदोरे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आणि तिकडे दिल्लीपर्यंत गेले, आणि हजारो कोटींचे आकडे आठवडाभर पहिल्या पानावर होते. त्यानंतर मी घरी गेले की एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापासून कॉलेजच्या सरांपर्यंत सगळे एकच विचारतात: हे थांबवायचं कसं? कडक कायदा, की सरळ मोकळीक?

माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. कारण मी म्हणते की आधी आकडा कुठून आला ते बघू. आजचा लेख त्यावरच आहे. तुमच्यापैकी बरेचजण पेटची तयारी करताय, काहींचे विषय ठरताहेत, आणि व्यसन, गुन्हेगारी, दारूबंदी हे विषय घेणारे दर वर्षी दोन-चार तरी असतातच. त्यांच्यासाठी हे खास.

सुरुवात अफूपासून करायला हवी, पण थोडक्यात करते, कारण यावर चांगलं लिहून झालेलं आहे. अमर फारुकी यांची दोन पुस्तकं मिळवून वाचा, एक माळव्याच्या अफूच्या चोरट्या व्यापारावर आणि दुसरं मुंबई शहरावर. मुद्दा असा. बंगालमध्ये अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. पण माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकणारी अफू तिच्या हातात नव्हती. ती चीनला पोचली की कंपनीच्या अफूचा भाव पडायचा. म्हणून कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रोखायचा प्रयत्न केला: वाटा अडवल्या, संस्थानांशी करार केले. माळव्याच्या सावकारांनी काय केलं? राजस्थानातून पाली, जैसलमेर, तिथून कराची, आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांचं दमण. एवढा मोठा वळसा घालूनही धंदा परवडत होता. शेवटी १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पेटीमागे पैसे भरून मुंबईमार्गे माल न्यायचा परवाना सुरू केला. कालपर्यंतचा तस्कर दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठित व्यापारी झाला. माल तोच, माणूस तोच. पुढे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि परवान्याचा दर लगेच चढायला लागला. पळवाट बुजल्यावर कर वाढवणारं हे सरकार त्याच काळात चीनशी अफूवरून युद्ध करून मोकळं झालं होतं.

आज आपण 'कार्टेल' म्हणतो तेव्हा मेक्सिकोतले बंदूकधारी डोळ्यांपुढे येतात. अर्थशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ भाव आणि पुरवठा आपसात ठरवणारे व्यापारी, इतकाच. त्या अर्थाने एकोणिसाव्या शतकातलं अफूचं सर्वांत मोठं कार्टेल लंडनमधून चालत होतं आणि त्याच्याकडे आरमार होतं. हे वाक्य जरा भडक झालं. थिसिसमध्ये लिहिलंत तर गाइड खोडतील, पण डोक्यात ठेवायला हरकत नाही.

आता गांजाकडे येते. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या दृष्टीने संशोधन पद्धतीचा सगळ्यात चांगला धडा इथे आहे.

झाडाचे तीन पदार्थ आधी वेगळे करून घ्या, कारण जुन्या कागदांत ते वेगवेगळे येतात आणि आपण घाईत सगळ्याला गांजा म्हणतो. पानांची ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याच्या चिकट शेंड्यांचा तो गांजा. आणि नुसता चीक म्हणजे चरस, जो त्या काळी मुख्यतः यारकंदकडून, हिमालयापलीकडून यायचा. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड नगरच्या बाजूला होत असे. ओतूरहून आळेफाट्यावरून पुढे गेलं की नगरचा रस्ता लागतो. आज त्या रस्त्याने कांद्याचे ट्रक जातात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती, की आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला शेतकरी बाजरीसारखाच हिशोब करून हे पीक घेत होता आणि सरकार त्यावर महसूल घेत होतं.

१८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या मद्यपानविरोधी चळवळीतल्या सदस्याने प्रश्न विचारला. हिंदुस्थानात सरकार गांजा विकू देतं, त्याने लोक वेडे होतात, गुन्हे करतात, याची चौकशी होणार का? त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, एकूण सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. आयोग देशभर फिरला, त्याने ११९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष त्या काळच्या मानाने थक्क करणारा होता: माफक सेवनाने शरीराला, मनाला किंवा नीतीला विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, पूर्ण बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही, कर आणि परवाने यांतून नियंत्रण ठेवावं.

गांजाला मोकळीक हवी असं म्हणणारे आजही हा अहवाल फडकावतात, "बघा, १८९४ लाच सिद्ध झालं होतं" म्हणून. त्यातले बहुतेक निष्कर्षाचं पान वाचून थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे, वेड्यांच्या इस्पितळांवरच्या प्रकरणात.

गांजाने वेड लागतं, याचा पुरावा काय होता? इस्पितळांची आकडेवारी. आपल्या इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद अशा ठिकाणी ही इस्पितळं होती. दर वर्षी त्यांचा छापील अहवाल निघायचा, आणि त्यात वेडाच्या कारणांचा तक्ता असायचा. देशभर अशाच तक्त्यांत गांजा ठळकपणे दिसायचा. डॉक्टर तो तक्ता लेखात वापरायचे, लेखावरून वर्तमानपत्रं लिहायची, वर्तमानपत्रांवरून पार्लमेंटात प्रश्न. म्हणजे सगळी इमारत एका तक्त्यावर उभी.

आयोगाने जे केलं ते मला प्रत्येक वेळी वाचताना आवडतं. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, हा भरला कुणी? मग साखळी उलटी उलगडत गेली. रस्त्यावर बडबडत फिरणारा एखादा माणूस पोलिसांना सापडतो. बहुधा परगावचा, बैरागी किंवा भिकारी, ओळखीचं कुणी नाही. त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात. सोबत एक फॉर्म असतो, त्यात नाव, जात, वय, आणि एक रकाना 'वेडाचं कारण'. आता शिपायाला काय माहीत कारण? पण रकाना कोरा ठेवून चालत नाही. झोळीत चिलीम सापडली, किंवा कुणी म्हणालं की हा ओढतो, झालं, गांजा. इस्पितळाचा डॉक्टर तेच आपल्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतो. वर्षअखेरीस बेरीज होते. आग्र्याच्या इस्पितळाच्या प्रमुखाने तर आयोगापुढे जवळजवळ कबूलच केलं की रुग्ण गांजा घेत होता असं कळलं की कारण म्हणून गांजा लिहायचा, ही चालत आलेली पद्धत होती, तिच्यामागे वेगळी तपासणी नव्हती.

मग आयोगाने १८९२ सालची गांजावर टाकलेली सगळी प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली. अशी २२२ प्रकरणं होती. माणूस मूळचा कुठला, घरात आधी कुणाला वेड होतं का, वेड आधी की चिलीम आधी, याची जमेल तिथे चौकशी झाली. शेवटी ज्यांत गांजाचा काही वाटा मानता येईल अशी ९८ उरली, आणि त्यातही ३७ मध्ये दुसरी कारणं मिसळलेली होती. निम्म्याहून जास्त आकडा चौकशी करताच गळून पडला.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर २२२ आणि ९८ असे दोनच आकडे लिहून ठेवलेत. गाइडने एकदा विचारलं, हे काय, लॉटरी?

पण थांबा. आयोगावर इतकं खूश होऊन चालणार नाही. जेम्स मिल्स या इतिहासकाराने या विषयावर दोन महत्त्वाची पुस्तकं लिहिली आहेत, आणि त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो: बंदी नको, कर घ्या, हा निष्कर्ष कुणाच्या सोयीचा होता? अर्थातच तिजोरीच्या. चौकशी करणारं सरकार हेच विक्रीतून महसूल घेणारं सरकार होतं. साक्षीदारांच्या याद्या बघा: कलेक्टर, अबकारी अधिकारी, डॉक्टर, मिशनरी, वकील, जमीनदार, व्यापारी. चिलीम ओढणारा शेतमजूर तिथे दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. आणि त्याच्या बायकोचा आवाज तर शोधून काढावा लागतो. घरात काय चाललं होतं हे तिला माहीत होतं, कलेक्टरला नव्हतं.

माझं मत असं, की दोन्ही खरं आहे. पुराव्याची छाननी प्रामाणिक होती आणि निष्कर्ष सरकारला सोयीचा होता. पहिल्या वर्षी मला वाटायचं की यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं, आणि त्या नादात सहा महिने गेले. तुम्ही घालवू नका.

आता दारू. कार्टेल आणि टोळीयुद्ध यांच्याशी मराठी मुलखाचा सगळ्यात जवळचा संबंध दारूतूनच आलेला आहे.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला तेव्हा सरकारला हवं होतं की दारू गाळणं मोजक्या मक्तेदारांच्या भट्ट्यांत यावं, म्हणजे कर वसूल करणं सोपं. त्यामुळे घरोघरच्या आणि पाड्यावरच्या भट्ट्या गुन्हा ठरल्या. माळशेज घाट उतरलं की ठाणे जिल्हा. तिथे आणि कुलाब्यात तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला किंवा घाटाखाली जाऊन कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, मोह म्हणजे फक्त दारू नव्हे, वाळवून ठेवायचं खाणंही आहे. पण अबकारीच्या कागदात ते फूल म्हणजे कच्चा माल. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागातली हीच गोष्ट एका लांब निबंधात लिहिली आहे: रिवाज होता त्याचा गुन्हा कसा झाला. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यावर तसं काम अजून कुणीतरी करायला हवं. विषय शोधताय ना? घ्या.

दारूला विरोध मात्र वरून लादलेला नव्हता, हेही लक्षात ठेवा. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांसमोर निदर्शनं झाली. दोघांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचं अंतर, पण दोघांनाही सरकार दारूवर पैसा करतंय हे खुपत होतं. त्यामुळे स्वराज्य म्हणजे दारूबंदी हे समीकरण काँग्रेसच्या मनात पक्कं झालं. १९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात बंदी आणली, खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. मंत्रिमंडळच त्या नोव्हेंबरात गेलं. मग स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून सगळ्या राज्यात पूर्ण बंदी. त्याला आव्हान दिलं गेलं ते बलसारा खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये काही कलमं काढून टाकली, पण कायद्याचा गाभा टिकवला. घटनेचं ४७ वं कलम त्याच्या पाठीशी होतंच.

ह्याच वर्षी बंदीवर सगळ्यात धारदार टीका कुणी केली असेल तर डॉ. आंबेडकरांनी. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी बंदी उठवण्याची मागणी केली. त्यांचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. एक पैशाचा: शिक्षणाला आणि विकासाला लागणारा महसूल सरकार स्वतःहून सोडून देतंय. दुसरा घराचा: दारू आता घरगुती उद्योग झालाय, पूर्वी पुरुष बाहेर जाऊन पीत, आता ती घरातच बायका-मुलांच्या डोळ्यांसमोर गाळली जाते आणि तीही पिऊ लागतात. हा दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बंदीची बाजू घेणारे नेहमी घरातल्या बाईच्या नावाने बोलत होते, आणि आंबेडकर तिच्याच नावाने उलटं सांगत होते.

मुंबईत पुढे जे झालं ते सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ आहे. खाडीकाठी, दलदलीत, झोपडपट्ट्यांत हातभट्ट्या पेटल्या. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार धारावी-अँटॉप हिल भागात हातभट्टीच्या धंद्यावर मोठा झाला. हाजी मस्तान गोदीतून वर आला, तो सोनं आणि घड्याळं यांच्या तस्करीत. परवाना असलेल्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू मिळत होती, बाकीच्यांना गूळ आणि नवसागराची. विषारी दारूने माणसं मेली की तेवढ्यापुरता गाजावाजा व्हायचा. बंदी साठच्या दशकात आणि मग सत्तरच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. पण कायदा कधीच रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. तुमच्या ओळखीत कुणाकडे आहे का, विचारून बघा!

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे बंदीमुळे टोळ्या, बंदी उठली की टोळ्या संपल्या. अमेरिकेत १९२० ते १९३३ तेच झालं, मेक्सिकोत २००६ मध्ये लष्कर उतरवल्यावर खून वाढतच गेले, पुरावा भक्कम आहे. मीसुद्धा सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलं होतं.

पण मुंबईचा क्रम नीट लावून बघा. दारू सैल झाल्यावर टोळ्या संपल्या नाहीत. सोन्याचं नियंत्रण १९९० मध्ये उठलं, सोन्याच्या तस्करीतला मोठा नफा गेला, आणि तरीही शहरातलं सगळ्यात रक्ताळलेलं टोळीयुद्ध नव्वदच्याच दशकात झालं, खंडणी आणि जमिनींवरून. मधल्या काळात १९८२ चा गिरणी संप होऊन गेला होता, गिरणगावातली तरुण पोरं मोकळी बसली होती आणि गिरण्यांच्या जमिनींना भाव येत होता. शिवाय १९७९ नंतर इराण आणि अफगाणिस्तानातल्या उलथापालथीमुळे हेरॉइनच्या वाटा बदलल्या आणि ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरली. हातभट्टीच्या काळात तयार झालेली माणसं, पोलिसांशी जुळलेले लागेबांधे, माल लपवायच्या जागा, उधारीची साखळी, हे सगळं तयार होतं. बंदीने ते घडवलं असेल, पण बंदी उठवून ते मोडलं नाही. दारू गेली तरी दुकान चालू राहिलं. म्हणून "बंदी उठवा, गुन्हेगारी संपेल" असं कुणी म्हणालं की मी मुंबईच्या नव्वदीकडे बोट दाखवते. आणि "कायदा कडक करा" म्हणालं की पुढच्या परिच्छेदाकडे.

१९८५ मध्ये अमली पदार्थांचा सध्याचा कायदा आला, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताला गांजाचं पारंपरिक सेवन बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती, ती संपत आली होती. या कायद्याने गांजा बंद केला, पण व्याख्येत नुसती पानं आणि बी वगळली, म्हणजे १८९४ च्या आयोगाने केलेला भांग आणि गांजा हा फरक मागच्या दाराने परत आला. १९८९ मध्ये पुन्हा गुन्हा केल्यास सक्तीची फाशी असं कलम घातलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. इतक्या कडक कायद्यातही मेफेड्रोन २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत नव्हतं. त्याआधी मुंबईत पोरं 'म्याव म्याव' म्हणून ते सर्रास घेत होती आणि या कायद्याखाली पोलिसांना काही करता येत नव्हतं. म्हणजे २०१४ चा मेफेड्रोन जप्तीचा आकडा आणि २०१६ चा आकडा शेजारी ठेवून "दोन वर्षांत व्यसन इतकं वाढलं" असा आलेख कुणी काढला, तर तो आलेख व्यसनाचा नसतो. तो कायद्याच्या तारखेचा असतो. पुन्हा तोच रकाना.

चंद्रपूरचं उदाहरण ताजं आहे. तिथे २०१५ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. उठवण्याआधी नेमलेल्या समितीने बेकायदा दारू आणि गुन्हे वाढल्याचं सांगितलं. पण बंदी असताना दारू बाळगणं हाच गुन्हा असतो, तर गुन्ह्यांची नोंद वाढणारच ना? आणि बंदीचे समर्थक घरातली मारहाण कमी झाल्याचं सांगतात, ती मोजायला पोलिसांच्या वहीत रकानाच नाही, कारण बहुतेक बायका चौकीपर्यंत जातच नाहीत. आपल्याकडे गावात दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. बाईच्या घरातल्या अनुभवाची सरकारी मोजणी होण्याची ही एक जागा. त्या मतदानांच्या नोंदींवर कुणी बसून काम केलं तर मी पहिली वाचक.

हे सगळं मी इतिहास म्हणून वाचत होते, तोवर ठीक होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. या वेळी भाच्याची आई सोबत होती, म्हणजे काकूंची धाकटी बहीण. तिने सरळ विचारलं, "ताई, त्याला दवाखान्यात घातला तर केस सुटंल का?"

मी वकील नाही हे आधी सांगितलं, आणि वकिलाकडे जाच हेही. पण कायद्यात काय आहे ते मला माहीत होतं. ६४अ कलम आहे. सेवन केल्याचा किंवा थोड्या प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. ती माऊली एकदम सरळ होऊन बसली. मग मी थोडं म्हणजे किती ते सांगितलं. गांजासाठी एक किलोपर्यंत. मेफेड्रोनसाठी दोन ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, मग जामीनसुद्धा दुर्मीळ.

"पुडीत तर निम्मं भलतंच कालवलेलं असतं म्हणत्यात," काकू म्हणाल्या.

असतं. आणि २०२० पर्यंत त्यावर वाद होता, की वजन शुद्ध पदार्थाचं धरायचं की सगळ्या मिश्रणाचं. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सगळ्या मिश्रणाचं. म्हणजे विकणाऱ्याने कालवलेली भलतीच पावडरही पोराच्या नावावर मोजली जाते. हे मी तिला कसं सांगितलं ते मला आता नीट आठवत नाही. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेली पंचनाम्याची झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे धरली. तिला वाचता येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

मी वजनाचा रकाना शोधायला लागले.